भरतीची पोरं, दुखणारी नडगी आणि पीटी घेणाऱ्याची जबाबदारी

माजी उस्ताद

राम राम मंडळी. मी पायदळात होतो. नोकरीचा बराचसा काळ पीटी उस्ताद म्हणून गेला. आता गावी भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पहाटे मैदानावर घेतो, पैसे घेत नाही.

इतर ठिकाणी तयारी करून माझ्याकडे येणारी कितीतरी पोरं नडगी धरूनच येतात. आतल्या बाजूला, घोट्याच्या वीतभर वर, नुसतं बोट टेकवलं तरी कळ जाते. एक्स-रे स्वच्छ येतो, दुखणं मात्र थांबत नाही. पुढे एमआरआय केला की हाडाला बारीक चीर निघते. पोरगं एकोणीस वर्षांचं, वयोमर्यादा जवळ आलेली. दोन-तीन महिने पळणं बंद झालं की त्याची त्या वर्षीची भरती गेलीच.

हे वाढण्यामागं एक साधं कारण आहे. २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी संगणकावरची लेखी परीक्षा आणि मग मैदान असा क्रम आला. पूर्वी उलटं होतं. पोरं आता कित्येक महिने अभ्यासिकेत बसून काढतात आणि लेखीचा निकाल लागल्यावर त्यांना मैदान आठवतं. उरलेल्या आठवड्यांत सगळी कसर भरून काढायची म्हणून सकाळी डांबरी रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा तेवढंच, रविवारीही सुट्टी नाही. पन्नास-साठ पोरांना एकच शिट्टी आणि एकच वेग. पुढची पाच पोरं त्यात आरामात असतात, शेवटची पंधरा रोज मरत असतात, आणि मधल्यांकडे कुणाचं लक्षच नसतं.

जरा हिशोब मांडा. भरतीच्या दौडीत पूर्ण गुणांसाठी लागणारं १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत म्हणजे चारशे मीटरचे चार फेरे, प्रत्येकी साधारण ८२-८३ सेकंदांत. ज्याला आज सात मिनिटं लागतात तो १०५ सेकंदांचा फेरा मारतोय. मधले बावीस-तेवीस सेकंद रोज दहा किलोमीटर रेटून निघत नाहीत. त्याच्या पायांना ८३ सेकंदांचा वेग कधी भेटलेलाच नाही. आधी त्या वेगात दोनशे मीटर, मग तीनशे, मग चारशे, मध्ये पुरेशी चाल, असं करतच तो तिथं पोचतो.

सैनिकी पीटीची तत्त्वं जगभर जवळपास सारखीच आहेत. अमेरिकी सैन्याच्या १९९२ च्या पुस्तिकेत सात दिली आहेत: नियमितपणा, क्रमाक्रमानं वाढ, समतोल, विविधता, जे काम करायचंय त्याचाच सराव, विश्रांती आणि सवयीपेक्षा थोडा जास्त भार. आमच्याकडेही हेच शिकवलं, शब्द वेगळे होते. यातलं "जास्त भार" सगळ्यांना पाठ असतं आणि "विश्रांती" कुणालाच आठवत नाही. माझं म्हणणं असं की विश्रांती कधी, कुणाला आणि किती द्यायची हे ठरवणं पीटी घेणाऱ्याचं मुख्य काम आहे. शिट्टी काय, कुणीही वाजवील.

फिजिओ, डॉक्टर, खेळाडू, आजी-माजी फौजी, सगळ्यांनी लिहावं. पालकांनी तर नक्कीच.

कृष्णाकाठची फिजिओ

उस्ताद, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझ्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली भरतीची मुलं सतत असतात.

नव्यानं पळायला लागलेल्याचा दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. त्याला वाटतं, आपण तयार झालो. हाडाचं गणित वेगळं आहे. नवा ताण आला की हाड आधी जुना भाग झिजवून काढून टाकतं आणि त्या जागी नवा भाग नंतर भरतं. झीज लवकर होते, भरण सावकाश. त्यामुळं साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते "अजून पळ" आणि नडगी त्याच वेळी सगळ्यात कच्ची असते. चिरा तिथंच पडतात. नेमक्या याच आठवड्यांत अंतर वाढवणारे प्रशिक्षक मी पाहते, कारण पोरं "आता सेट झाली" असं त्यांना वाटतं.

१९८० च्या दशकात इस्रायली सैन्यातल्या २९५ नव्या जवानांवर डॉक्टरांनी प्रशिक्षणभर लक्ष ठेवलं. ३१ टक्क्यांना ताणामुळं हाडाला चीर गेल्याचं आढळलं. निवडून घेतलेली तरुण, निरोगी मुलं होती ती. त्यामुळं "आमची पोरं कमजोर" हे उत्तर चालणार नाही.

घरी ओळखायचं असेल तर एवढं बघा. दुखणं हाडाच्या लांबट पट्ट्यावर पसरलेलं आहे, पळून अंग गरम झाल्यावर कमी होतं, तर बहुतेक वेळा हाडावरच्या आवरणाची सूज असते. भार कमी केला, जमीन बदलली की आटोक्यात येते. एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत दुखतंय, पळताना वाढत जातंय, रात्री झोपेतही ठणकतंय, त्या पायावर एक उडी मारता येत नाही, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. पहिल्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये चीर दिसत नाही हे पालकांनी लक्षात ठेवा. "फोटो नॉर्मल आहे, पळ" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

सह्याद्रीचा वाघ

काका, आदर ठेवून बोलतो, पण हे सगळं वाचून वाटतं की आपण पोरांना मऊ करतोय. मी सध्या नोकरीत आहे. ट्रेनिंग सेंटरवर आम्हाला रगडा लागला, म्हणजे शिक्षा म्हणून अंग पिळवटणारी मेहनत. फ्रंट रोल मारत मैदान पार केलं, पाठीवर सामानाचा पिट्टू लादून पळालो. कुणी विचारलं नाही की नडगी कशी आहे. लढाईत शत्रू विश्रांती देतो का? रगड्यानंच पोरगं घट्ट होतं. ज्याला जमत नाही त्यानं दुसरी नोकरी बघावी.

माजी उस्ताद

वाघ, तुम्ही नोकरीत आहात, तुमचा मान आहे. तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला शंभर टक्के मान्य आहे. फौजीला थकलेलं असताना, झोप नसताना, पावसात भिजलेलं असताना काम करता आलं पाहिजे. त्याची तयारी करूनच घ्यावी लागते आणि ती सुखाची नसते.

पण ज्या फौजेचं नाव तुम्ही घेता तीच फौज भार कसा चढवते ते बघा. मैदानी प्रदेशातली पलटण लडाखला जाते तेव्हा काय होतं? ९ हजार ते १२ हजार फुटांवर पहिला टप्पा सहा दिवसांचा. त्यातले पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, मग सपाटीवर थोडी चाल, मग हळूहळू चढ. १२ ते १५ हजारांवर पुन्हा चार दिवस. त्याच्याही वर जायचं तर आणखी चार. सुभेदार असो की कर्नल, सूट कुणालाच नाही. लांब रजेवरून परतलेल्यालाही पुन्हा टप्पे करावे लागतात. हा नियम माणसं गमावून आलाय. १९६२ नंतर फौज मोठ्या संख्येनं उंचीवर गेली आणि फुप्फुसांत, मेंदूत पाणी होऊन जवान दगावू लागले. आपल्याच लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो जगापुढं मांडला. उंचीवरच्या आजाराबद्दल बोलताना आजही त्या कामाचं नाव निघतं.

हिमालयात पहिले दोन दिवस झोपून काढायला लावणारी फौज मऊ आहे असं तुम्ही म्हणणार नाही. नडगीलाही तोच न्याय लावा.

आता रगडा. शिक्षा म्हणून दिलेला रगडा आणि प्रशिक्षण म्हणून दिलेला भार या दोन गोष्टी आहेत. प्रशिक्षणात मला माहीत असतं की काल काय केलं, आज किती, उद्या काय. रगड्यात उस्तादाचा राग किती वेळ टिकतो त्यावर मात्रा ठरते. सकाळची दौड झालेल्या पोराला दुपारी ऊन्हात रगडा दिला, तर त्या दिवसाचा एकूण भार किती झाला हे कुणालाच सांगता येत नाही. शिस्तीसाठी शिक्षा द्यायचीच असेल तर ती दिवसाच्या हिशोबात धरा. आणि "ज्याला जमत नाही त्यानं जावं" हे निवड करणाऱ्याचं वाक्य झालं. पोरगं एकदा हातात दिल्यावर ते जमवणं हे माझं काम.

जुना कॅडेट

उस्तादांच्या शेवटच्या ओळीवर थोडं लिहितो. मी खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलो आणि पुढं पायदळातच नोकरी केली.

एनडीएत क्रॉस कंट्री ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल. तिथं स्क्वाड्रनचे, म्हणजे कॅडेटांच्या एकेका गटाचे, गुण फक्त पहिल्या दहा जणांवर ठरत नाहीत, मागून येणाऱ्या पोराच्या क्रमांकालाही किंमत असते. त्यामुळं वरच्या टर्मचे कॅडेट संध्याकाळी कुणाला घेऊन पळतात? सगळ्यात हळू पळणाऱ्याला. गुण देण्याची पद्धत बदलली की नेतृत्वाचं लक्ष कुठं जातं तेही बदलतं. भरतीची तयारी घेणारे अकॅडमीवाले फलकावर फक्त "आमचे निवड झालेले विद्यार्थी" छापतात. किती पोरं दुखापतीनं मधेच घरी गेली हा आकडा ज्या दिवशी पालक विचारायला लागतील, त्या दिवशी पीटी बदलेल.

पलटणीत अधिकाऱ्यानं पीटीला हजर असणं हे तर आहेच. पण तो कुठं पळतो याकडे जवान बारकाईनं बघतात. तरुण लेफ्टनंटला स्वतः किती वेगवान आहे हे दाखवायचं असतं, म्हणून तो पुढं निघून जातो. सुरुवातीला ठीक आहे, आपला साहेब पळू शकतो हे जवानांना कळलं पाहिजे. त्यानंतर त्याची जागा मागच्या गटात. तिथं कोण लंगडतोय, कुणाचा श्वास नेहमीपेक्षा वेगळा आहे, रात्री गार्ड ड्युटी करून कोण आलाय, हे सगळं कळतं. पुढं पळताना यातलं काहीच दिसत नाही.

आणखी एक. चाचणी म्हणजे प्रशिक्षण नव्हे. बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या लढाऊ शारीरिक क्षमतेच्या चाचणीत, आमच्या वेळी पाच किलोमीटरची दौड, साठ मीटरची धाव, उभा दोर, आडवा दोर, नऊ फुटी खड्डा असायचा, तेही हत्यार आणि साजासह. काही ठिकाणी वर्षभर फक्त चाचणीच घोकली जाते. रोज वेळ लावून पाच किलोमीटर. त्यानं जवान थकतो, चाचणीचा वैताग येतो आणि वेळ तिथंच अडकते. दोरावर चढता येत नसेल तर हाताची पकड, पाठ, दंड यांवर वेगळं काम करायला हवं. रोज दोराला लटकून खाली पडण्यात काय अर्थ आहे?

सिक रिपोर्टबद्दलही, म्हणजे आजारी असल्याचं कळवण्याबद्दलही, बोललं पाहिजे. एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात) जाणारा प्रत्येक जण बहाणेबाज असं वातावरण असेल तर खरा आजारी माणूस जात नाही. तो जातो तेव्हा उशीर झालेला असतो. काही जण खरंच बहाणे करतात. त्यांना ओळखणं हे प्लाटून कमांडरचं काम आहे आणि माणसं माहीत असली तर ते अवघड नाही.

सह्याद्रीचा वाघ

साहेब, मागच्या गटात पळण्याचं पटलं. आमचे एक सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) असेच होते, सगळ्यात शेवटी पळायचे आणि शेवटच्याला बोलत बोलत आणायचे. त्यांच्यासाठी पोरं जीव टाकायची. रगड्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण दिवसाच्या हिशोबात धरायचा हा मुद्दा योग्य आहे.

अनु धुळे

उस्ताद काका, फिजिओ ताई, मी अग्निवीर महिला मिलिटरी पोलीससाठी तयारी करतेय. आमचं १.६ किलोमीटर साडेसात मिनिटांत पहिल्या गटात, आठ मिनिटांत दुसऱ्या गटात. शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. मी मुलांच्याच बॅचमध्ये पळते, मुलींची वेगळी बॅच नाही. दोन महिन्यांपासून खूप थकवा येतो, वेळ सुधारायची तर उलट वाढली. सर म्हणतात मन लावून पळत नाहीस. आणि विचारायला जरा संकोच वाटतो, पण पाळीसुद्धा दोन महिने आलेली नाही. वजन कमी झालंय म्हणून मी खूश होते.

कृष्णाकाठची फिजिओ

अनु, विचारलंस हे फार चांगलं केलंस. यात संकोचाचं काही नाही. ही गोष्ट प्रत्येक मुलीला मैदानावर पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

पळणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं किंवा कमी झालं की शरीर काटकसर करायला लागतं. पाळी थांबणं ही त्याचीच खूण. त्याबरोबर हाडं बळकट ठेवणारी संप्रेरकंही घटतात, म्हणजे ज्या वेळी हाडावर ताण वाढलाय त्याच वेळी त्याचं संरक्षण कमी होतं. अशा मुलींना चीर जाण्याचा धोका बराच जास्त असतो. थकवा आणि वेळ वाढणं हेही त्यातच बसतं. मन लावण्याशी याचा काही संबंध नाही.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं तरी साठ्यातलं लोह कमी असू शकतं, म्हणून फेरिटिनचा आग्रह धर. रिपोर्ट येईपर्यंत पळणं अर्ध्यावर आण. पळून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे: भाकरी-पिठलं, अंडी, शेंगदाण्याचा लाडू, दूध-केळं, घरात जे असेल ते. उपाशीपोटी दहा किलोमीटर पळून मग दुपारपर्यंत चहावर राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. वजन कमी होणं ही भरतीची अट नाही.

मुलांच्या बॅचमधलं अंतर आणि वेग तुझ्या कार्यक्रमाशी जुळत नाही हे सरांना सांग. ऐकत नसतील तर स्वतंत्र पळ.

माजी उस्ताद

अनु बेटा, ताईंचं ऐक. मैदान पळून जात नाही. मिलिटरी पोलीसमधल्या महिलांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बेंगळुरूहून बाहेर पडली, एनडीएतल्या मुलींची पहिली बॅच २०२५ च्या मे महिन्यात. दार उघडलंय आणि ते उघडंच राहणार आहे. तू धडधाकट तिथं पोच.

टेक्सासवाली आई

माझी मुलगी अमेरिकन आर्मी रिझर्व्हमध्ये आहे, म्हणून इथलं थोडं लिहिते. तिथं चाचणीवरून वर्षानुवर्षं वाद चाललाय. १९८० पासून पुश-अप, सिट-अप आणि दोन मैल दौड एवढंच होतं. मग सहा प्रकारांची नवी चाचणी आणली, त्यात वजन उचलणं, स्लेज ओढणं वगैरे आलं, कारण युद्धात जखमी साथीदाराला ओढून आणावं लागतं आणि जुन्या चाचणीत ते कुठंच दिसत नव्हतं. त्यात लटकून गुडघे कोपरांना लावायचा एक प्रकार होता. तो फार जणींना जमेना, म्हणून २०२२ मध्ये त्याजागी प्लँक घेतला. जून २०२५ पासून पुन्हा बदल होऊन पाच प्रकार राहिलेत आणि लढाऊ शाखांसाठी स्त्री-पुरुष एकच निकष आहे.

मला त्याहून जास्त पटलेली गोष्ट म्हणजे २०२० पासून त्यांनी तंदुरुस्तीच्या व्याख्येतच झोप आणि आहार घेतलेत. लेकीच्या युनिटमध्ये ताकदीचे प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ येऊन बोलतात. आपल्याकडच्या भरतीच्या बातम्यांत रात्री रस्त्याकडेला झोपून पहाटे पळणारी मुलं दिसतात, तेव्हा मला तीच झोप आठवते. पोरानं वर्षभर मेहनत करायची आणि आदल्या रात्री दोन तास झोपून १.६ किलोमीटर द्यायचं, यात त्याची खरी क्षमता कशी दिसणार? जिल्हा प्रशासनानं एक हॉल, पाणी आणि शौचालय दिलं तरी केवढा फरक पडेल.

सातपुड्यातला मास्तर

आमच्याकडे नंदुरबार भागात सिकलसेलचं, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण जास्त आहे. बरीच मुलं वाहक असतात, त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून माहीतही नसतं. अशा मुलानं सैन्य भरतीसाठी पळावं का? आमच्या शाळेतल्या एका मुलाला पळताना दोन्ही मांड्यांत असह्य वेदना होऊन तो बसला. तिथल्या प्रशिक्षकानं त्याला उठवून पुन्हा पळवलं. नशिबानं वाचला.

भूलतज्ज्ञ

मास्तर, प्रश्न महत्त्वाचा आहे. मी अतिदक्षता विभागात काम करतो.

१९८७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या आकडेवारीवर एक अभ्यास आला. त्यात कृष्णवर्णीय नवसैनिकांमध्ये सिकलसेलच्या वाहकांना श्रमाच्या वेळी अचानक मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तीसपट दिसला. मोठी खळबळ उडाली. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांवरचा अभ्यास आला, त्यात मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. मधल्या काळात तिथं पाणी, विश्रांती आणि हळूहळू सवय यांचे नियम सगळ्याच जवानांसाठी कडक केले गेले होते. म्हणून वाहकानं पळू नये असं मी म्हणणार नाही. तपासणी करून घ्या, सरकारी मोहीम २०२३ पासून चालू आहे आणि तुमच्या जिल्ह्यात ती सहज होते. मग पळताना सावकाश वाढ, भरपूर पाणी, आणि ताप-जुलाब असताना किंवा लगेच नंतर पळणं नाही.

प्रशिक्षकांनी ही खूण लक्षात ठेवावी: सिकलसेलमध्ये माणूस वेदनेनं आणि अशक्तपणानं खाली बसतो, शुद्धीवर असतो, बोलतो. "नाटक करतोय" असं वाटतं ते इथंच. त्याला तिथंच थांबवा, पाणी द्या, ऑक्सिजन असेल तर लावा आणि रुग्णालयात न्या. नंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर मूत्रपिंड धोक्यात आहे, एक तासही थांबू नका.

उष्माघातात उलट होतं. माणूस बरळतो, दिशा चुकतो, वाद घालतो, मग कोसळतो. अंगाचं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असतं. घाम येत असला तरी तो उष्माघातच असू शकतो. आधी थंड करा, मग हलवा. पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत बसवा, बर्फ असेल तर त्यात टाका, काहीच नसेल तर सतत गार पाणी ओतून वारा घाला. रुग्णवाहिकेची वाट बघत सावलीत नुसतं झोपवून ठेवण्यात जीव जातो.

१९५० च्या दशकात अमेरिकी मरीनच्या पॅरिस आयलंड केंद्रावर उष्माघातानं जवान पडू लागले, तेव्हा तिथं उष्णतेचा एक निर्देशांक तयार झाला. त्यात नुसत्या हवेच्या तापमानाला फक्त दहा टक्के वजन आहे, ओल्या फडक्यातल्या तापमापीला सत्तर टक्के आणि उन्हाच्या थेट तापाला वीस टक्के. म्हणजे दमटपणा सगळ्यात महत्त्वाचा. तो निर्देशांक साधारण ३२ अंशांवर गेला की काळा झेंडा लागतो आणि मैदानी व्यायाम बंद. कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात पारा बत्तीस-तेहतीस दाखवतो आणि आपण निर्धास्त असतो. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर दौडीत उमेदवार दगावले होते, ते आठवा. उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. थंड गावातून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी दमट शहरात जोरात पळवू नये.

माजी उस्ताद

डॉक्टर, हे सगळं छापून मी मैदानाच्या खोलीत लावणार आहे. बरळणारा पोरगा उद्धट वाटतो आणि बसलेला पोरगा आळशी वाटतो, उस्ताद चिडतो तो इथंच. चिडायच्या आधी नाव विचारा, कुठं आहेस ते विचारा. उत्तर चुकलं की पीटी संपली.

आष्टीकर

आमच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेचं उदाहरण देतो, कारण सगळी पोरं त्याचं नाव घेऊन पळतात. महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. फौजेच्याच क्रॉस कंट्रीतून पुढं आला आणि मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळला. २०१८ मध्ये त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्य. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. म्हणजे तीन हजार मीटरमध्ये वीस सेकंद कमी करायला देशातल्या सर्वोत्तम धावपटूला जवळपास सहा वर्षं लागली. आणि आमच्या पोरांना सहा आठवड्यांत दीड मिनिट कमी करायचंय.

कृष्णाकाठची फिजिओ

आष्टीकर, उदाहरण छान आहे. एक भर घालते. नवख्याची सुधारणा सुरुवातीला वेगानं होते, सात मिनिटांवरून सहावर येणं काही महिन्यांत शक्य आहे. सहावरून साडेपाचला जास्त वेळ लागतो. म्हणून लेखीच्या अभ्यासाबरोबरच आठवड्यातून तीन दिवस पळणं चालू ठेवा. तेवढ्यानं हाडं तयार राहतात.

मोहोळचा पोऱ्या

उस्ताद काका, माझं १.६ सध्या ६ मिनिटं ५० सेकंद. बीम (पुल-अप) चार होतात. हातात बारा आठवडे आहेत. नडगी ठीक आहे. काय करू?

माजी उस्ताद

बाळा, आधी आपल्या भरतीची अधिसूचना नीट वाच, वेळेचे गट बदलत असतात. गुणांचा हिशोब मात्र समजून घे. साडेपाचच्या आत साठ गुण, पावणेसहाच्या आत अठ्ठेचाळीस. फरक बारा गुणांचा. बीममध्ये सहाला सोळा गुण आणि दहाला चाळीस. फरक चोवीसचा. पोरं जीव पळण्यात घालवतात आणि बीमकडे शेवटच्या आठवड्यात बघतात. तुझे चारच होतात, म्हणजे बीम आजपासून.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून तीन दिवस मातीवर पळ, वीस-पंचवीस मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगात. डांबर टाळ. मधल्या दोन दिवशी बीम, पोट-पाठ, बैठका आणि चढावर भरभर चाल. एक दिवस हलका, एक दिवस पूर्ण विश्रांती. बीमला एका वेळी दम तुटेपर्यंत मारू नकोस. दोन-दोनचे पाच-सहा सेट, मध्ये दोन मिनिटं. शेवटी उडी मारून वर जा आणि पाच सेकंद मोजत खाली ये, असं तीनदा.

चौथ्या आठवड्यापासून तीनपैकी एक दिवस वेगाचा. चारशे मीटर ९५ सेकंदांत, मग तेवढाच वेळ चाल, असे चार. पुढच्या आठवड्यात पाच, मग सहा. सहा नीट जमले की वेळ ९० वर आण आणि पुन्हा चारपासून सुरू कर. फेरे आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. दुसरा दिवस लांब आणि सावकाश, तीस-चाळीस मिनिटं. तिसरा दिवस दोनशे मीटरच्या धावा, ४० सेकंदांच्या आसपास, आठेक. तुला साडेपाचच्या फेऱ्यात लागणारा वेग तोच आहे, पाय त्याला सरावतील. दर चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशानं कमी. पूर्ण १.६ वेळ लावून पळायचं ते फक्त चौथ्या, आठव्या आणि दहाव्या आठवड्याच्या शेवटी. मित्र रोज वेळ लावतील, तू लावू नकोस.

शेवटचे दहा दिवस अंतर निम्मं, वेग तोच. बूट नवे घ्यायचे तर आत्ता घे, मैदानाच्या आदल्या दिवशी नाही. आणि नडगीवर एका जागी टोचायला लागलं तर त्याच दिवशी इथं लिही.

मोहोळचा पोऱ्या

लिहून घेतलं काका. आमच्या इथं माती म्हणजे काळी रानं, पाऊस झाला की पाय रुततो. तेव्हा डांबरावर चालेल का?

माजी उस्ताद

रुतणाऱ्या चिखलात घोटा मुरगळतो, तिथं नको. शाळेचं पटांगण किंवा कॅनॉलच्या कडेची मुरमाची वाट शोध. काहीच नसेल तर त्या दिवशी पळणं सोड, बीम आणि बैठका कर. एखाद्या दिवशी डांबरावर सावकाश वीस मिनिटं पळालास तर काही बिघडत नाही, वेगाचे फेरे मात्र डांबरावर मारू नकोस.